पायाळू

पांढऱ्या शर्टातली दोन पोरं
माझ्या कुंपणाला सायकली टेकवून आत येतात.
वय एकोणीस-वीस, छातीवर काळी पट्टी,
पट्टीवर नावाआधी 'एल्डर'.
म्हटलं, आमच्यात वडीलधाऱ्याला म्हणतात तसं.
तेही हसले, मानेवरचा घाम पुसत.
जालन्याच्या उन्हानं मान विटेसारखी भाजलेली.

चहा घेत नाहीत, लिंबूसरबत घेतात.
पातळ पुस्तिका ठेवून गेलेत,
त्यांच्या पंथाच्या मूळपुरुषाचं लहानपण,
मराठी करून द्यायचं, दहा पानं.

पहिलं पान सोपं गेलं.
दगडाळ जमीन, बुडालेलं पीक,
बाप बिऱ्हाड उचलतो, मांडतो, पुन्हा उचलतो.
कोश उघडावा लागला नाही.

दुसऱ्या पानावर पाय आला.
सात वर्षांचं पोर, नडगीच्या हाडात पू.
डॉक्टर म्हणतात, दारू पाजा, दोरीनं बांधा.
पोर म्हणतं, नको. बाबा धरतील.
आई, तू लांब जा. ऐकू येणार नाही इतकी लांब.
ती जाते. आणि हाड तोडतात तेव्हा
धावत आत येतेच.
मी पेन ठेवलं, दळण आणायला गेले.

तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, चटकन उरकलेली.
विहीर खणताना त्याला एक गोटा सापडला.
गोटा टोपीत, टोपीत तोंड खुपसलेलं,
आणि म्हणे त्याला जमिनीखालचं दिसायचं.
पुरलेलं धन शोधायला लोक त्याला मजुरीनं न्यायचे.
अशा पोराला मराठीत काय म्हणतात?
शब्द होता माझ्याकडे. लिहवेना.

आमचा आमोस पायाळू.
आईच्या पोटातून पाय आधी.
बाप मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर,
रविवारी देवळात पुढचा बाक,
तरी अमावास्येला मागच्या दारानं माणसं यायची.
आमोसच्या अंगठ्याच्या नखावर काजळ,
दुसऱ्या मुठीत गुळाचा खडा.
काय दिसतंय रे?
बहात्तरचं साल, सुकडीवर जगलेलं नऊ वर्षांचं पोर.
दिसतंय, म्हणायचा. हंडा दिसतोय. अजून खाली.
ते खणायचे, हंडा खाली सरकायचा.
त्या अमेरिकेतल्या गावातही
सरकायचा म्हणे.

एका सकाळी वाळलेल्या मोसंबीच्या बागेत
आम्ही काटक्या वेचत होतो.
म्हणाला, रूथे, मघाशी झाडात कुणीतरी उभं होतं.
उजेडाचं. माझं नाव घेतलं त्यानं.
काजळ नव्हतं. गूळही नव्हता.
मी म्हणाले, लबाड.
दप्तरात पाटी होती, पेन्सिल होती.
मला बाराचा पाढा लिहायचा होता.

त्या पोराला चौदाव्या वर्षी राईत उजेड दिसला.
पुढे त्याला लिहून घेणारे मिळाले,
बायको, एक शेतकरी, एक शाळामास्तर.
तो टोपीतून बोलायचा, हे ओळीमागून ओळ उतरवायचे.
टेकडीत सोन्याचे पत्रे होते का,
मला विचारू नका. मीही पोरांना विचारलं नाही.
मास्तर होता, एवढंच मी अधोरेखित केलं.
पस्तीस वर्षं मीही मास्तरीण होते.
दुसऱ्यांच्या पोरांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या.

आमोस लोखंडाच्या भट्टीवर लागला.
पांढऱ्या उजेडाकडे बघून बघून डोळे गेले.
आता माझ्याच ओट्यावर बसतो,
सायकलींच्या आवाजावरून पोरं ओळखतो.
काल विचारलं, बागेतलं आठवतं का रे?
कुठली बाग, म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, शेंगा सोलता सोलता,
नाव नीट घेतलं होतं पण त्यानं. आमोस. पूर्ण.

तिसऱ्या पानावर मी पेन्सिलीनं शब्द लिहून ठेवलाय.
पोरं गुरुवारी येतील.
सात पानं राहिलीत.